जेनीचा बाप

साताऱ्याच्या सदर बझारातल्या दुकानात जीनत एहरामचं कापड बघत होती, तेवढ्यात तिच्या फोनवर कबरस्तानाचा फोटो आला. दुकानदार सांगत होता, "ह्यात घाम लय चांगला जिरतो, तिकडच्या उन्हाला ह्येच बरं," आणि हाजला पुरुष अंगावर घेतात त्या दोन बिनशिवलेल्या पांढऱ्या चादरी बोटांत धरून ती मान डोलवत होती. फोटोत मळकं गवत होतं, कडेकडेला वितळत आलेला बर्फ होता आणि ओळीनं उभे केलेले राखाडी दगड होते. खाली इंग्रजीत मजकूर होता. टीचर जेनी, मी थाओ. हायफाँगची, पहिल्या बाकावरची. मी आता कॅनडात कॉलेजात शिकते. सुट्टीत मुद्दाम तुमच्या हॅलिफॅक्सला आले. दोन दिवस तुमच्या वडिलांची कबर शोधते आहे, सापडत नाही. कुठल्या रांगेत आहे ते सांगाल का? मी फुलं आणली आहेत. जीनतनं चादरी काउंटरवर ठेवल्या. दुकानदाराला वाटलं किंमत पटली नाही. त्यानं लगेच पन्नास रुपये कमी केले. तिनं पैसे दिले, पिशवी घेतली आणि पिशवी हातात धरून दुकानाच्या आरशासमोर ती नुसतीच उभी राहिली. एप्रिलचं ऊन दारातून आत आलं होतं.

बाहेर पायरीवर अब्बा बसले होते. शेजारी एक माणूस वडापाव खात होता. जन्मात कधी न पाहिलेल्या त्या माणसाला अब्बा सांगत होते, "हाजला निघालोय. काय चुकलंमाकलं असंल तर माफ करा." "आवं, आपली वळखच न्हाई," तो म्हणाला. "मग तर माफ करायला काय जातंय तुमचं?" असं म्हणून अब्बा हसले, आणि तो माणूसही भरल्या तोंडानं हसला. गेले तीन आठवडे हेच चाललं होतं. हाजला निघण्याआधी ज्याच्या त्याच्या दारात जाऊन माफी मागायची, बोलणं-चालणं, देणं-घेणं सगळं साफ करायचं आणि मगच घराबाहेर पाऊल टाकायचं. आजकाल लोक हे फोनवर उरकतात. गल्लीतल्या मतीननं गेल्या वर्षी एकच मेसेज दोनशे जणांना पाठवला होता आणि त्यात गॅस एजन्सीचाही नंबर होता. अब्बांना ते पटण्यासारखं नव्हतं. त्यांनी कोरेगावची बाजारपेठ गल्लीवार संपवली. नळाच्या पाण्यावरून बत्तीस वर्षांपूर्वी जिच्याशी बोलणं टाकलं होतं त्या शालूबाईच्या दारातही ते जाऊन आले. शालूबाई म्हणाली, "माफ मी तवाच केलं हुतं, तुमी इचारलंच न्हाई," आणि तिनं त्यांना शिरा खायला घातला. आता सांगलीचा नाथाजी तेवढा राहिला होता. त्याच्याकडे फोनवर भागणार नाही, समोर बसूनच बोलावं लागेल, असं अब्बांनी चारदा सांगितलं होतं. म्हणून जीनतनं आपल्या इंग्रजीच्या क्लासला सुट्टी दिली होती आणि एहराम घेऊन झाल्यावर दोघं तशीच सांगलीला निघणार होती.

गाडी हायवेला लागली तरी तिच्या डोळ्यांसमोरचा फोटो हलेना. उंब्रजच्या पुढे उसाच्या रिकाम्या गाड्या ओळीनं येत होत्या. अब्बा बोलत होते, मुजीबनं औषधांचा डबा कसा भरलाय, तिथं चालायला किती लागतं, टोपी चालते की नाही. मुजीब म्हणजे त्यांचा पुतण्या. म्हाताऱ्या माणसाला एकट्याला जाऊ देत नाहीत म्हणून तो स्वतःच्या पैशानं बरोबर चालला होता. अब्बांचे पैसे जीनतनं भरले होते. साताऱ्यात हाजींची शिकवणी झाली, त्या दिवशी मौलाना म्हणाले होते की हाजचा पैसा हलालचा हवा, खोट्यानाट्याचा एक रुपया त्यात असला तर नुसतंच ऊन लागेल. तेव्हा अब्बांनी पुरुषांच्या रांगेतून मागे वळून बायकांकडे बघितलं होतं, जीनतला शोधलं होतं आणि शेजारच्याला कोपरानं ढोसून दाखवलं होतं. माझी लेक. तिच्या घामाचा पैसा. पोरीनं सहा वर्षं परमुलखात इंग्रजी शिकवून साठवला. सगळा हॉल तिच्याकडे बघत होता, आणि तिनं ओढणी नीट केल्यासारखं करून तोंड खाली घातलं होतं. अब्बा बहात्तर वर्षांचे. दोन वर्षं अर्ज केला आणि यादीत नाव आलं नाही, यंदा आलं. हा माणूस दोन दिवस उपाशी राहील, पण पैसा खोट्याचा आहे असं कळलं तर त्यातला चहासुद्धा पिणार नाही, हे तिला माहीत होतं. अकरा दिवसांनी त्यांचं विमान होतं. तोंड उघडलं तर ते जाणार नाहीत. न उघडलं तर जातील, आणि तिच्या खोट्यावर उभे राहून तिथं हात पसरतील.

अब्बा कोरेगावचे पेटीवाले. फौजेत निघालेल्या पोरांसाठी पत्र्याच्या काळ्या पेट्या त्यांनी चाळीस वर्षं ठोकल्या आणि वर पांढऱ्या रंगानं नाव, नंबर, गाव लिहून दिलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण इंग्रजीची मोठी अक्षरं त्यांच्याइतकी सरळ कुणी काढत नव्हतं. जीनत इंग्रजी शिकली ती आधी त्या पेट्यांवर. मग बी.एड. झाली, साताऱ्यातल्या एका शाळेत आठ हजारांवर शिकवू लागली, आणि कायम होण्यासाठी टेबलाखालून काय द्यावं लागतं ते कळल्यावर तिनं व्हिएतनामची जाहिरात बघितली. अम्मी, म्हणजे शकिला, त्याच साली गेली होती; घरात राहवत नव्हतं, तेही एक होतंच. हायफाँगच्या त्या क्लासमध्ये पहिले आठ महिने ती जीनतच होती, इंडियाची. पगार सातशे डॉलर. खोली, खाणं, स्कूटर, व्हिसा, अब्बांना महिन्याचे पाच हजार, आणि महिनाअखेरीला हातात काही नाही. मग मालकीणबाईंनी, मिसेस होआंनी, तिला बोलावून घेतलं. तू शिकवतेस चांगलं, त्या म्हणाल्या, पण पालकांना इंडियाची टीचर नको आहे. भिंतीवर नकाशा होता. त्यावर बोट फिरवत त्यांनी कॅनडाच्या टोकाचं एक गाव निवडलं, हॅलिफॅक्स. इथलं कुणी तिथं जाणार नाही, म्हणाल्या. जीनतचं जेनी झालं. रंगाचं काय, तर आजी पोर्तुगीज होती असं ठरलं. कागदोपत्री काहीच बदललं नाही, फक्त भिंतीवरच्या फोटोखालचं नाव बदललं आणि पगार चौदाशे झाला.

सातशे जगायला गेले, सातशे शिल्लक पडले. सहा वर्षं असंच. जीनत कमवायची ते खाऊन संपायचं, आणि जेनी कमवायची ते वाचायचं. हे इतकं सरळ होतं की पाचवीतल्या पोरालाही कळलं असतं, आणि जीनतला ते अब्बांच्या हाजचे पैसे भरताना, बँकेत पावतीवर सही करताना पहिल्यांदा कळलं. पेन तिथंच थांबलं होतं. साताऱ्याच्या गोडोलीतला फ्लॅट, बँकेतली ठेव, हाजचे साडेतीन लाख आणि वरचे, सगळं शिल्लकीतलं होतं. म्हणजे सगळं जेनीचं होतं. जीनतचं जे होतं ते तिनं भातात आणि भाड्यात केव्हाच घालवलं होतं. काउंटरवरची बाई म्हणाली, मॅडम, सही अर्धीच झालीय, आणि मग तिनं उरलेली अर्धी केली.

बाप मेल्याचं मात्र मिसेस होआंनी शिकवलं नव्हतं. ते तिचं स्वतःचं. 'माय फॅमिली' हा धडा चालला होता. पालकांना वर्ग बघायला बोलावलं होतं, ते मागच्या बाजूला खुर्च्या टाकून बसले होते. चित्रं दाखवायला तिचा फोन भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडलेला होता. तेवढ्यात अब्बांचा फोन आला, आणि पडद्यावर भिंतभर अब्बा उगवले. टोपी, दाढी, हातात ब्रश, मागे काळ्या पेट्या. तो फोटो तिनंच काढून त्यांच्या नंबरला लावून दिला होता. रिंग वाजत राहिली. बावीस पोरं आणि त्यांचे आईबाप अब्बांकडे बघत होते, आणि अब्बा त्या सगळ्यांकडे बघून हसत होते. तिनं फोन कट केला. कोण होतं, टीचर? थाओनं विचारलं, ती तेव्हा अकरा वर्षांची. राँग नंबर, जीनत म्हणाली. तेवढ्यावर भागलं असतं. पण थाओ चौकस पोर. मग तुमचे बाबा कसे दिसतात, तिनं विचारलं. मागच्या खुर्च्यांत कुणीतरी कुणाच्या तरी कानात काहीतरी बोललं, आणि जीनतच्या तोंडून निघून गेलं, माय फादर इज डेड. म्हणताना तिला रडू फुटलं, आणि ते रडू खरं होतं. सिव्हिल हॉस्पिटलातलं अम्मीचं शेवटचं तोंड, तिच्या मनगटाला चिकटवलेली पट्टी, ती पट्टी काढताना ओढली गेलेली कातडी, हे कुणाजवळ बोलायचं राहून गेलं होतं. ते सगळं तिनं त्या चार इंग्रजी शब्दांत अब्बांच्या नावावर घातलं. थाओ बाकावरून उठून आली आणि तिच्या कमरेला मिठी मारून रडली. दुसऱ्या दिवशी थाओच्या आईनं केळी आणि उदबत्तीचा पुडा पाठवला. तिकडे मेलेल्या माणसांना कुणी विसरत नाही. दर वर्षी त्यांचा दिवस करतात, जेवायला वाढतात, घरातल्या घरात त्यांच्याशी बोलतात.

मग तो मेलेला माणूस वाढत गेला. पोरं विचारत, आणि काहीतरी सांगावं लागे. नाव थॉमस. उंच होता. बोटीवर कामाला जायचा. हिवाळ्यात रस्त्यावरच्या बर्फावरून गाडी घसरली. पुढच्या वर्षी त्याला एक कुत्रा मिळाला, त्याच्या पुढच्या वर्षी लाल मफलर. थाओ दर वर्षी त्या तारखेला फुलं घेऊन यायची, म्हणून जीनतला तारीखही लक्षात ठेवावी लागली. आणि संध्याकाळी खोलीवर आल्यावर कोरेगावहून फोन वाजला, की पहिला अर्धा क्षण ती दचकायची. हा कसा बोलतोय? हा तर गेला. मग अब्बांचा आवाज यायचा, "जीनत, जेवलीस का बाळा," आणि ती इतक्या मायेनं बोलायची की अब्बांना वाटे, पोरीला घरची आठवण येते. परत आल्यावर हे थांबेल असं तिला वाटलं होतं. थांबलं नाही. अब्बा गोडोलीला मुक्कामाला आले आणि सकाळी मोरीत खाकरले, की स्वयंपाकघरात तिचा हात थांबायचा. कधी कधी बाहेरच्या खोलीत ओल्या बुटांचा वास यायचा. असले बूट तिच्या घरात कधी कुणी घातले नव्हते. ती दिवा लावून बघायची, खुर्ची रिकामी असायची, आणि तरी ती त्या खुर्चीत बसायचं टाळायची. फ्लॅट त्याच्या लेकीच्या पैशाचा होता. त्याला यायला कोण अडवणार?

"गाडी हळू घे," अब्बा म्हणाले. "मी हाजला जायाच्या आधीच वर पोचीवतीस का काय." ती नव्वदला होती. तिनं गाडी साठवर आणली.

नाथाजी सांगलीला विश्रामबागेत मुलाच्या घरी राहत होता. फौजेतून सुभेदार होऊन उतरलेला, गडी अजून ताठ. मुलगा शंभूराज कामावर गेला होता. घरात नाथाजी आणि त्याची बायको विजयमाला दोघंच होती. अब्बांना बघून नाथाजीनं दारातच त्यांचे पाय धरले. पंखा लागला, पाणी आलं, कोरेगावात कोण आहे कोण गेलं याची उजळणी झाली. मग अब्बांनी टोपी नीट केली आणि सोफ्याच्या कडेला पुढे सरकून बसले. "नाथाजी, तू भरती झालास तवा तुला पेटी दिली हुती. आठवतीया?" "न आठवाय काय झालं? जालंधरला रेल्वेच्या सामानातनं हारवली की. घरला यायच्या आदीच." "हारवली न्हाई," अब्बा म्हणाले. "तुझा फौजेचा नंबर मी चुकीचा रंगवला हुता. एकाच्या जागी सात. तुझ्या वडलांनी येऊन इचारलं, तवा मी म्हणलो, माझं लिवल्यालं बरोबर हाय, तिकडंच कुणीतरी घोटाळा केला असंल."

नाथाजी मोठ्यांदा हसला. "येवढ्यासाठी साताऱ्यासनं आलासा? आवं चाचा, आडतीस-चाळीस वर्सं झाली. विजू, आईकलंस का? ह्यास्नी चहा दे, लय मोटा गुन्हा केलाय." विजयमाला चहा आणि चिवडा घेऊन आली. तिनं अब्बांना सांगितलं, तिकडं गेल्यावर आमच्या नातीसाठी दोन शब्द मागा, तिच्या परीक्षा आहेत. जीनतला हायसं वाटलं. इतकं सोपं असतं, तिला वाटलं. माणसं हसतात आणि चहा देतात. पण नाथाजी चहा घेता घेता थांबला होता. बशीत चहा निवत होता आणि तो त्याच्याकडे बघत होता. "चुकलं हे तुमाला कवा कळलं?" त्यानं विचारलं. "वडील येऊन गेल्यावर आठ दिसांनी. तू दिल्याली चिठ्ठी दुकानात सापडली." "मग तवाच का सांगितलं न्हाई? पत्र टाकलं असतंसा तर पेटी मिळाली असती. तितं बेवारस सामान म्हयनाभर ठेवत्यात." अब्बा म्हणाले, "भ्यालो. माझ्याकडं चूक हुती म्हणून कळलं असतं तर फौजी पोरं दुसरीकडं गेली असती. नवा धंदा हुता, घरात तीन तोंडं हुती." नाथाजीनं बशी खाली ठेवली. "त्या पेटीत आईचा फोटू हुता. येकच हुता. यात्रेत काढल्याला. मी भरती व्हायच्या सा म्हयनं आदी ती गेली." त्यानं बशी बाजूला सारली. "मला आता तिचं तोंड आठवत न्हाई, चाचा. कपाळ आठवतंय, कुक्कू आठवतंय. डोळं काय केल्या आठवत न्हाईत. लय येळा बसून बगितलं." विजयमाला बायकोच होती, तिलाही हे ठाऊक नव्हतं असं तिच्या तोंडावर दिसत होतं. मग नाथाजी म्हणाला, "आईकलंसा न्हवं? पैलं आईकून घ्या म्हणलं. आता माफ. मनापासनं माफ." अब्बांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. अब्बांना रडताना जीनत अम्मीच्या मयतानंतर पहिल्यांदाच बघत होती.

परत निघाल्यावर कृष्णेचा पूल ओलांडून सांगलीवाडीच्या बाजूला अब्बांनी गाडी थांबवायला सांगितली. असरच्या नमाजाची वेळ झाली होती. लिंबाखाली एक रसवंती होती. तिथल्या बाईनं हातपाय धुवायला पाणी दिलं आणि दगडगोटे बाजूला करून जागा करून दिली. अब्बांनी चटई पसरली. जीनत गाडीला टेकून त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिली. नदीचं पाणी खाली गेलं होतं. नाथाजीला फोटोतले डोळे आठवत नाहीत, आणि आपण चांगल्या जिवंत माणसाच्या डोळ्यांवर सहा वर्षं माती लोटली, कुत्र्यासकट आणि मफलरसकट. अब्बा भ्याले ते पोटासाठी. आपण कशासाठी भ्यालो? मागच्या खुर्च्यांतल्या कुजबुजीला. ती कुजबुज कशाबद्दल होती हेही तिला कधी कळलं नव्हतं. अब्बांनी चटई झटकून घडी केली, तेव्हा ती गाडीपासून पुढे आली. "अब्बा," ती म्हणाली, "मलाबी सांगायचंय." आणि लिंबाखालच्या बाकड्यावर त्यांना बसवून, स्वतः शाळेतल्या पोरीसारखी उभी राहून, तिनं नाव, गाव, पडदा, फोन, सगळं ओळीनं सांगितलं. शेवटी थाओनं पाठवलेला कबरस्तानाचा फोटो त्यांच्यापुढे धरला.

अब्बांनी चष्मा पुसला. "नाव काय हुतं माझं?" त्यांनी विचारलं. "थॉमस." "आन मेलो कशानं?" "बर्फावरनं गाडी घसरून." "मला कुटं गाडी चालवाय येती?" "त्याला येत होती, अब्बा." त्यांनी मान हलवली, जणू हे एक बरं झालं. "रडलं का कुणी?" "मी रडले. आणि ही पोरगी." "तू कशापायी?" "अम्मी आठवली." त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि सगळ्यात पुढच्या दगडावरची इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचली, ओठ हलवत. "चांगली काडल्यात," ते म्हणाले. "मशीनची असतील." मग फोन तिच्या हातात देत, "ती पोरगी अजून तितंच हाय?" "असेल." "परक्या मुलखात दोन दिस हिंडती बिचारी. तिला आत्ता लिव्ह. कबर न्हाई म्हणावं. फुलं आणल्यात तर जवळच्या कुटल्याबी दगडाम्होरं ठेव म्हणावं. कुणाचा तरी बाप असंलच." जीनतनं तिथंच लिहिलं. माझे वडील जिवंत आहेत, ते माझ्या शेजारी बसले आहेत, मी कॅनडाची नाही, माझं नाव जीनत आहे, मला माफ कर. मग अब्बांचा निरोप लिहिला. वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच आल्या. ती आणि अब्बा दोघं फोनकडे बघत राहिली. उत्तर आलं नाही.

रसवंतीच्या बाईनं दोन ग्लास आणून ठेवले. अब्बांनी एका घोटात अर्धा संपवला. "येक सांग," ते म्हणाले, "पोरांस्नी शिकवलंस ते खरं शिकवलंस न्हवं?" "जीव तोडून शिकवलं, अब्बा." "मग पगार त्येचा. खोटं तू फुकट बोललीस. खोट्याचा पगार कोण कुणाला देतंय?" ते भराभर बोलत होते आणि बोलताना तिच्याकडे न बघता गाडीतल्या मागच्या सीटकडे, एहरामच्या पिशवीकडे बघत होते. सातशे आणि चौदाशे. ते वाक्य जीनतच्या जिभेवर तयार होतं. एवढंच सांगितलं की झालं, मग सगळं साफ. "पण पगार, अब्बा," तिनं सुरुवात केली. अब्बांनी हात वर केला. पत्र्यानं जागोजागी कापलेला हात. "थांब," ते म्हणाले. "फुडं काय हाय ते मला म्हाईत न्हाई. म्हाईत न्हाई तवर मला जाता येतंय."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. असे अब्बा तिनं कधी पाहिले नव्हते. "म्हातारा झालो, जीनत. दोनदा नाव आलं न्हाई. आता फुडल्या वर्साला हाय का न्हाई कुणाला म्हाईत? मला जायाचंय. लय मनात हाय." मग त्यांनी ग्लास खाली ठेवला, उठून उभे राहिले आणि तिच्यापुढे दोन्ही हात जोडले, जसे शालूबाईपुढे जोडले असतील, त्या पायरीवरच्या माणसापुढे जोडले असतील. "सगळ्यांची मागितली, तुझीच राहिली हुती. हे असं समजूनउमजून मी चाललोय, त्येची मला माफी दे." जीनतला नाथाजीची थंडगार झालेली बशी आठवली. पैलं आईकून घ्या. तो तिचाही हक्क होता. ऐकवून मग माफ करायचं म्हटलं असतं तर अब्बांना ऐकावं लागलं असतं, आणि ऐकल्यावर ती चादर अंगावर घेता आली नसती. समोर तिचा बाप उभा होता, उन्हात डोळे बारीक करून, तिनं नाही म्हणू नये म्हणून घाबरलेला. तिनं त्यांचे हात खाली घेतले. "माफ केलं, अब्बा," ती म्हणाली. "सगळं माफ केलं." त्यांनी सुस्कारा सोडला आणि उरलेला रस संपवला.

आता तिची पाळी होती. ती वाट बघत उभी राहिली. अब्बांनी चटई काखेत घेतली, बाईला पैसे दिले, तिचीही माफी मागितली, आणि गाडीकडे चालायला लागले. "अब्बा," जीनत म्हणाली, "माझं?" ते थांबले. "तुझं समदं आईकल्याबिगर कसं करू?" ते अगदी हळू म्हणाले. "तो नाथाजी समदं इचारल्याबिगर करंना, तर मी कसा करू? अर्धं माफ केल्यालं काय कामाचं? आल्यावर सांग. समदं सांग. मग करतो."

गाडी इस्लामपूरच्या रस्त्याला लागली. अब्बांचा जीव हलका झाला होता. ते मोकळेपणानं बोलत होते, तिथं गर्दी किती असते, मक्केच्या झमझम विहिरीचं पाणी किती आणता येतं. "आन खरं सांगू का," ते म्हणाले, "तितंच मरण आलं तर लय नशीबवान म्हणत्यात. आमच्यातले निम्मे म्हातारे तेच मागत्यात." जीनतनं गाडी कडेला घेतली आणि बंद केली. मागून एक टेंपो हॉर्न वाजवत गेला. "न्हाई," ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "ते मागायचं न्हाई. तुम्ही परत यायचं, अब्बा. माझं सांगायचं राहिलंय." अब्बांनी तिच्याकडे बघितलं, मग समोर रस्त्याकडे बघितलं, आणि खिडकीची काच वर केली.